उभ्या ट्रेलरचं हलणं घरच्या घरी कसं थांबवायचं

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आईबाबा परभणीहून आमच्याकडे डॅलसला आले तेव्हा आम्ही त्यांना घेऊन चार दिवस तळ्याकाठी गेलो, आमचा २४ फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेऊन. पहिल्याच रात्री आई मला उठवून म्हणाली, अरे तू कूस बदललास की इकडे माझा पलंग हलतो, होडीत झोपल्यासारखं वाटतंय. आणि खरं होतं ते. कोणी बाथरूमला गेलं की टेबलावरच्या तांब्यातलं पाणी हिंदकळायचं, मुलगा दारातून उडी मारून उतरला की सगळा डबा दोन-तीनदा डुगडुगायचा. चारही कोपऱ्यांचे जॅक खाली टेकवलेले होते तरीसुद्धा! त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, आणि आता विकतच्या महागड्या वस्तू न घेता बहुतेक लाकूड, नट-बोल्ट आणि थोडा लोखंडी पाइप यावर आमचा ट्रेलर असा उभा राहतो की आईने मागच्या खेपेला त्यात बसून रव्याचे लाडू वळले. इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता ट्रेलर घ्यायला लागलेत आणि सगळे हाच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण मी ती समजून न घेता सहा महिने चुकीच्या जागी मेहनत केली. ट्रेलर हलतो म्हणजे एकच प्रकारे हलतो असं नाही, ते तीन वेगवेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे वर-खाली, हे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि टायर दबल्यामुळे होतं. दुसरं पुढे-मागे, म्हणजे चाक अर्धा-पाव इंच का होईना पण घरंगळतं आणि परत येतं. तिसरं डावी-उजवीकडे डोलणं, हे जॅकचे पाय लांब बाहेर काढले असले की जास्त होतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. आधी कोणता त्रास आहे ते ओळखा: एकाला आत चालायला लावा आणि तुम्ही बाहेर वाकून चाकाकडे बघा. टायर पुढे-मागे किंचित लोळताना दिसला तर तुमचा प्रश्न चाकाचा आहे, तिथे जॅकला कितीही आवळलं तरी उपयोग नाही. टायर जागच्या जागी आहे पण जॅकचा पाय तिरका होतोय असं दिसलं तर तिरप्या टेकूची गरज आहे. आणि जॅकच मातीत रुततोय असं असेल तर खाली फळी पाहिजे.

आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. कोपऱ्यातले जे जॅक असतात ना, कैचीसारखे उघडणारे किंवा एकच पाय खाली येणारे, ते ट्रेलर उचलायला नसतात. फक्त टेकू द्यायला असतात. मी पहिल्या वर्षी ड्रिल मशीन लावून मागचा उजवा कोपरा उचलून लेव्हल करायला गेलो, लेव्हल झालीही, पण सकाळी दार उघडेना. चौकट पिळली गेली होती. जॅक सैल केल्यावर दार मोकळं झालं, नशीब चांगलं म्हणून कायमचं वाकलं नाही. तेव्हा लेव्हल करायची चाकाखाली फळी घालून आणि पुढच्या टंग जॅकने (ट्रेलरच्या तोंडाशी, गाडीला जोडायच्या जागी असतो तो), आणि कोपऱ्यातले जॅक शेवटी, नुसते घट्ट टेकतील इतके.

लेव्हल करणं

क्रम असा ठेवा: गाडी जोडलेली असतानाच आधी डावी-उजवी लेव्हल बघायची, मग चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावायचा, मग हिच, म्हणजे गाडीचा आणि ट्रेलरचा जोड, सोडायची, मग टंग जॅकने पुढे-मागे लेव्हल करायची, मग कोपऱ्यातले जॅक. हा क्रम मोडला की सगळं परत करावं लागतं. बाबा बघत होते, ते म्हणाले, "बैलगाडी सोडतानाही आधी चाकाला दगड लावतो आपण, मग जू खाली घेतो. आधी चाक धर, मग बाकीचं बघ." अगदी बरोबर आहे ते. अडसर न लावता हिच सोडली आणि जमीन जराशी उताराची असली तर साडेपाच हजार पौंडाचा डबा कोणाच्या बापालाही हाताने थांबवता येत नाही, ही गोष्ट कधीच विसरू नका.

चाकाखाली घालायला विकतचे प्लास्टिकचे पिवळे ठोकळे मिळतात, चांगले असतात, पण मी २ बाय १० ची ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मारलेली) फळी आणून त्याच्या पायऱ्या केल्यात. इथलं लाकूड नावाला २ बाय १० असलं तरी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असतं हे लक्षात ठेवा, सगळे हिशोब दीड इंचावर करायचे. आमचा टायर २२५/७५ आर १५ मापाचा आहे, त्याला ही रुंदी बरोबर पुरते. टायरची जमिनीला टेकणारी सगळी रुंदी फळीवर पाहिजे, अर्धा टायर बाहेर लोंबकळत ठेवला तर आतून खराब होतो. सगळ्यात खालची फळी सर्वात लांब, त्यावरची दोन्हीकडून साधारण पाच-पाच इंच आखूड, त्यावरची आणखी आखूड. कडा तिरप्या कापा म्हणजे चाक अलगद चढतं. दोन आस असतील तर त्या बाजूची दोन्ही चाकं वर चढवायची, एकच चढवलं तर सगळा भार त्या एका टायरवर आणि त्याच्या पाट्यावर येतो.

किती फळ्या लागतील हे अंदाजाने ठरवत बसू नका, सोपा हिशोब आहे. दोन फुटांची स्पिरिट लेव्हल ट्रेलरच्या आत जमिनीवर आडवी ठेवा, ज्या बाजूला खाली आहे त्या टोकाखाली पुस्तक, पुठ्ठा, काय मिळेल ते सरकवत जा, बुडबुडा मधोमध आला की त्या पुठ्ठ्याची जाडी मोजा. आमच्या दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर ७२ इंच आहे, लेव्हल २४ इंचांची, म्हणजे तिप्पट. पुठ्ठा अर्धा इंच लागला तर चाकाखाली दीड इंच, म्हणजे एक फळी. बास. तुमचं अंतर एकदा टेपने मोजून ट्रेलरच्या आत मार्करने लिहून ठेवा.

फोनमधलं ॲपही चालतं, पण फोनचं कव्हर काढून आणि दोन्ही बाजूंनी उलट-सुलट ठेवून बघा, कॅमेऱ्याचा उंचवटा चुकवतो.

बाबांनी मात्र वेगळंच केलं. ते बांधकामावर मुकादम होते, त्यांनी मला २५ फूट पारदर्शक नळी आणायला लावली, त्यात पाणी भरलं, पाण्यात थोडी हळद टाकली, आणि नळीचं एक टोक ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याला तर दुसरं मागच्या कोपऱ्याला धरून आम्ही दोघं उभे राहिलो. गवंडी घर बांधताना हेच तर करतात, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, त्यात चूक व्हायला जागाच नाही. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, राहिला तर पातळी खोटी दाखवते, म्हणून नळी उचलून बोटाने टिचक्या मारत हवा बाहेर काढायची. आतल्या जमिनीवर लेव्हल ठेवली तर जमीनच कुठे दबलेली असते, पण नळीने सरळ चॅसिसची, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, पातळी मिळते. महिनाभर एका जागी ट्रेलर ठेवायचा असेल तेव्हा मी आता हेच करतो. आणि पातळी नुसत्या झोपेसाठी नाही हो, गॅस आणि विजेवर चालणारा जो जुन्या पद्धतीचा फ्रिज असतो त्यात पंप नसतो, आतला अमोनिया उताराने फिरतो, ट्रेलर जास्त तिरका राहिला तर फ्रिज गार होत नाही आणि तसाच बरेच दिवस चालवला तर त्याचं कूलिंग युनिट कायमचं जातं.

चाकांच्या मधली पाचर

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडला, आणि खर्चही सगळ्यात कमी. बाजारात दोन टायरच्या मधे बसणारे लोखंडी एक्सच्या आकाराचे अडसर मिळतात, चांगले आहेत, पण तेच काम लाकडाच्या दोन पाचरी आणि एक आट्यांचा रॉड करतो. हे दोन आसांच्या ट्रेलरसाठी आहे. एकाच आसाचा असेल तर टायरच्या पुढे-मागे लाकडी पाचरी ठेवून त्या दोन्ही पाचरींना भोकं पाडून रॉडने एकमेकींकडे ओढायच्या, तत्त्व तेच.

आधी पुठ्ठा घ्या. दोन टायरच्या मधे धरून दोन्ही टायरचे गोल त्यावर पेन्सिलने काढा. आमच्याकडे दोन आसांच्या मधलं अंतर ३३ इंच आणि टायरचा व्यास २८ इंच आहे, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी ५ इंचांची फट राहते आणि तिथून वर-खाली ती रुंदावत जाते. त्या रुंदावणाऱ्या जागेत वरून एक पाचर आणि खालून एक पाचर बसवायची आणि दोघींना मधल्या रॉडने एकमेकींकडे खेचायचं. दोन्ही टायर दोन दिशांना दाबले जातात आणि चाक हलायला जागाच उरत नाही.

पाचर २ बाय ६ च्या फळीतून कापली, ती प्रत्यक्षात साडेपाच इंच रुंद असते, तीच पाचरीची उंची. रुंद बाजू साडेआठ इंच, अरुंद बाजू साडेचार इंच, दोन्ही बाजू सारख्या तिरक्या. असे सहा तुकडे कापून तीन-तीनचा थर ग्लूने आणि स्क्रूने जोडला म्हणजे साडेचार इंच जाड दोन पाचरी झाल्या. तीन थर मुद्दाम घ्या, दोन घेतले तर मधलं भोक नेमकं जोडावरच येतं आणि आवळताना फाटतं. स्क्रू मधोमध मारू नका, नाहीतर ड्रिल त्यालाच जाऊन अडकतं, मी पहिल्या पाचरीत एक बिट असंच मोडलं. ग्लू एक रात्र वाळू द्या. मग रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे आरपार भोक, अर्ध्या इंचाच्या रॉडसाठी थोडं मोठं, नऊ सोळांश इंचाचं. इथे हात सरळ राहणं कठीण जातं, बाबांनी गुण्या लावून बाजूला उभं राहून मला सांगत सांगत पाडून घेतलं. रॉड १८ इंचांचा, दोन्ही टोकांना मोठा वॉशर आणि नट, खालच्या टोकाला दोन नट एकमेकांवर आवळा म्हणजे ते फिरत नाहीत आणि वरून एकच पाना लागतो.

बसवताना हाताने नट घट्ट होईपर्यंत फिरवा आणि मग पान्याने एक-दीड फेरा, जास्त नको. टायर चेपल्यासारखा दिसला म्हणजे जास्त झालं. ट्रेलर पूर्ण लेव्हल करून झाल्यावर आणि हिच सोडून पुढे-मागे पातळी झाल्यावरच पाचर आवळायची, कारण टंग जॅक वर-खाली केला की चाक जरा फिरतं. आणि टेक्ससच्या हवेत दुपारी शंभराच्या वर फॅरनहाइट आणि पहाटे सत्तर, टायरमधली हवा आकुंचन पावते आणि पाचर सैल होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पाना फिरवून बघायचाच. दोन्ही बाजूंना लावा. आणि नेहमीचे अडसर काढू नका, ही पाचर त्यांच्या जोडीला आहे, ऐवजी नाही.

खालची जमीन आणि काळी माती

आमच्या मित्राची डॅलसच्या दक्षिणेला थोडी जागा आहे, ट्रेलर वर्षातले बरेच दिवस तिथे उभा असतो. बाबा तिथे पहिल्यांदा उतरले तेव्हा त्यांनी वाकून मातीचं ढेकूळ हातात घेतलं आणि म्हणाले ही तर आपलीच माती आहे रे. आणि खरंच! टेक्ससच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, ह्यूस्टन ब्लॅक ही इथली माती म्हणजे टेक्ससची राज्य-माती, आणि शास्त्रात ती आणि आपली मराठवाड्या-विदर्भातली काळी कापसाची माती एकाच गटात, व्हर्टिसॉलमध्ये येते. म्हणजे स्वभावही तोच: पावसात फुगणार, चिखल होऊन चिकटणार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणार. आपल्याकडे काळ्या रानात घर बांधताना पाया खोल का घेतात ते आठवा. मग त्यावर सहा इंचाच्या जॅकच्या पावलाने काय टिकणार.

हिशोब बघा. जॅकचं पाऊल ४ बाय ६ इंच धरलं तर २४ चौरस इंच, त्यावर हजार पौंड आले तर चौरस इंचाला जवळजवळ ४२ पौंड. तेच खाली १२ बाय १२ चा तुकडा ठेवला तर १४४ चौरस इंच, चौरस इंचाला सातच पौंड. म्हणून पाऊण इंची प्लायवूडचे एक फुटी चौकोन, दोन-दोन थर ग्लू लावून एकावर एक, वरच्या थराचे धागे खालच्याला आडवे येतील असे. एका कोपऱ्यात भोक पाडून सुतळीची दोरी ओवा, चिखलातून ओढून काढायला तीच कामाला येते. लाकडाला बाहेरून दोन हात ऑइल पेंट मारला की तीन-चार वर्षं जातात.

जॅकचा पाय जितका कमी बाहेर तितका ट्रेलर कमी डोलतो, हे तत्त्व लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. पूर्ण उघडलेला जॅक म्हणजे लांब काठी, वरून धक्का दिला की लवते. म्हणून फळीवर ४ बाय ४ चे तुकडे दोन-दोन आडवे, त्यावर दोन-दोन उभे असे रचून उंची वाढवायची आणि जॅक जेमतेम दोन-चार इंच उघडायचा. रचलेल्या थप्पीची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त करायची नाही. तुकडे १६ इंचांचे कापा म्हणजे बूड रुंद मिळतं.

सिमेंटचे पोकळ ब्लॉक मात्र जॅकखाली ठेवू नका. फुकट मिळतात, जड असतात, मजबूत वाटतात, पण ते एकदम तडकतात, लाकडासारखं आधी कुरकुर करून सांगत नाहीत. पलीकडच्या एका ट्रेलरखाली रात्री असा एक फुटला, आवाज ऐकून आम्ही सगळे बाहेर आलो, सुदैवाने खाली कोणी नव्हतं. वापरायचेच झाले तर भोकं वर-खाली येतील असे उभे ठेवा, आडवे कधीच नाही, आणि वर-खाली दोन्हीकडे जाड लाकूड पाहिजे.

काळ्या मातीत ट्रेलर महिनोन्‌महिने ठेवणार असाल तर प्रत्येक मोठ्या पावसानंतर आणि कडक उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी लेव्हल बघायची. मिशिगन-मिनेसोटाकडे राहणाऱ्यांना उलटा त्रास, तिथे हिवाळ्यात जमीन गोठून वर फुगते आणि एखादाच जॅक वर ढकलला जातो, चौकट पिळते, तिथे हिवाळ्यात जॅक थोडे सैल ठेवलेले बरे.

जॅक टेकवायची युक्ती

हे मला शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाने शिकवलं, तीसेक वर्षं ट्रेलरमध्ये फिरलेला होता. पाचर अजून आवळलेली नसताना टंग जॅकने ट्रेलरचं तोंड लेव्हलपेक्षा एखादा इंच खाली घ्यायचं, म्हणजे मागची बाजू किंचित वर जाते. तेव्हा मागचे दोन जॅक फळीला हाताने घट्ट टेकवायचे. मग तोंड परत लेव्हलला आणायचं, मागची बाजू खाली येते आणि जॅकवर आपोआप चांगला दाब बसतो, आपण स्क्रू पिळून ताकद लावायची गरजच नाही. मग पुढचे दोन जॅक टेकवायचे आणि सगळ्यात शेवटी पाचर. एक इंचापेक्षा जास्त करू नका, तोच पिळवटण्याचा धोका परत येतो. हे केल्यावर आत दार-खिडक्या एकदा उघडून-मिटून बघा, दार घासत असेल तर कुठलातरी कोपरा जास्त उचलला गेलाय.

ड्रिलने जॅक फिरवत असाल तर बहुतेक ठिकाणी पाऊण इंची सॉकेट बसतो. पण शेवटचा अर्धा फेरा हाताने. ड्रिलला कळत नाही, हाताला कळतं.

तिरपे टेकू

डावी-उजवीकडचं डोलणं जातं ते त्रिकोणाने. चौकोन कितीही जाड लाकडाचा करा, ढकलला की कलतो, पण त्याला एक तिरपी काठी मारली की तो हलत नाही. मंडपवाले बांबूला तिरपा धिरा देतात, छपराला कैची असते, सगळीकडे तेच. आपल्या ट्रेलरला जॅकचा उभा पाय आणि वर आडवी चॅसिस आहे, फक्त तिरपी काठी नाही.

मी सव्वा इंची चौकोनी पाइपमध्ये एक इंची पाइप जाईल असा जोड घेतला, दुकानातच एकात एक सरकवून बघून घ्या कारण पाइपच्या जाडीवर ते अवलंबून असतं. बाहेरच्या पाइपला भोक पाडून त्यावर नट वेल्ड करून घेतला, त्यातून बोल्ट आवळला की आतला पाइप जागी पकडला जातो. वेल्डिंग येत नसेल तर दोन्ही पाइपना दर इंचाला भोकं पाडून आरपार पिन घाला, जरा ढिलं राहतं पण चालतं. एक टोक जॅकच्या पावलाजवळ बोल्टने, दुसरं टोक समोरच्या बाजूच्या चॅसिसला. मागच्या दोन जॅकच्या मधे आडवा एक असा टेकू लावला की डावी-उजवीकडचं डोलणं निम्म्याहून कमी होतं, आणि एका जॅकपासून पुढच्या दिशेला चॅसिसला दुसरा लावला की पुढे-मागचं उरलंसुरलं. टेकू ४५ अंशांच्या आसपास असला तर सगळ्यात चांगलं काम करतो, फार उभा झाला तर नुसता शोभेचा. चॅसिसच्या लोखंडाला भोक पाडू नका आणि वेल्डही करू नका, कडेला घट्ट पकडणारा क्लॅम्प मिळतो तो वापरा, चॅसिसची कड म्हणजे तिची सगळी ताकद तिथे असते.

लोखंडकाम करायचं नसेल तर सामान बांधायचे रॅचेट पट्टे आहेत. डाव्या जॅकच्या पावलापासून उजवीकडच्या चॅसिसला एक, उजव्या जॅकपासून डावीकडे दुसरा, असा फुलीचा आकार. पट्टा फक्त ओढून धरतो, ढकलून धरू शकत नाही, म्हणून दोन्ही लागतात, एकटा लावला तर एकाच बाजूचं हलणं थांबतं. दोन्ही थोडे थोडे आलटून-पालटून आवळा.

पायरी हा एक छोटा पण वैतागाचा भाग. माणूस आत-बाहेर करतो तेव्हा त्याचं सगळं वजन ट्रेलरच्या कडेला लोंबणाऱ्या पायरीवर येतं. पायरीखाली ४ बाय ४ ची थप्पी आणि वर एक पातळ पाचर हातोडीने हळूच ठोकून बसवली की तो झटका जातो. आईला गुडघ्याचा त्रास, तिला हीच गोष्ट सगळ्यात आवडली.

बरेच महिने उभा ठेवणार असाल तर

तेव्हा कोपऱ्याच्या जॅकवर भरवसा नको. तीन टनी जॅक स्टँड (वजन धरून ठेवणारे लोखंडी घोडे) चार घ्या, चॅसिसच्या खाली, पाटे जिथे टांगलेले असतात त्याच्या थोडं पुढे आणि मागे. बॉटल जॅकने चॅसिस जरासं उचलायचं, स्टँड बसवायचं, खाली सोडायचं. आसाच्या पाइपखाली जॅक लावू नका, तो वाकतो आणि मग टायर एका बाजूने झिजतात. चाकं हवेत लोंबकळत ठेवायची नाहीत, फक्त पाट्यांवरचा थोडा भार कमी करायचा, टायर जमिनीला टेकलेलेच पाहिजेत. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली डोकं किंवा हात कधीही घालू नका, एका सेकंदासाठीही नाही, मुलांना तर त्या वेळी लांबच ठेवा.

बाहेर सरकणारी खोली असेल तर तिच्या खाली टेकू लावायचा मोह होतो. मी लावत नाही. पुष्कळ उत्पादक नको म्हणतात, कारण ट्रेलर थोडा खाली बसला की टेकू खोलीलाच वर ढकलतो आणि सरकायची यंत्रणा अडकते.

वाऱ्याचं बघा आता. हिवाळ्यात इथे नॉर्दर येतो, उत्तरेकडचा थंड वारा, तासाभरात तापमान खाली आणि वारा असा की झाडं वाकतात. त्याला रुंद बाजू दाखवून ट्रेलर उभा करू नका, जागा असेल तर तोंड किंवा पाठ वाऱ्याकडे करा. बाहेरचं छत रात्री गुंडाळून ठेवा, ते शिडासारखं वारा धरतं. पाण्याची टाकी भरून ठेवली तर उपयोग होतो, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनला ३३० पौंडांहून थोडं जास्त वजन अगदी खाली, तळाशी मिळतं, फक्त गोठायची भीती असेल तेव्हा टाकी रिकामी पाहिजे. कायम उभा असेल तर जमिनीत पिळून घालायचे स्क्रूसारखे लोखंडी अँकर आणि त्याला चॅसिसपासून पट्टे. चार कोपऱ्यांना चार. कॅम्पग्राउंडमध्ये जमिनीत असं काही घालायचं असेल तर आधी विचारा, खाली पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी असतात. आणि वादळाची सूचना असेल तर पट्ट्यांवर विसंबून आत बसू नका, पक्क्या इमारतीत जा.

एका रात्रीपुरतं थांबायचं असेल तर यातलं फारसं काही करायला नको, ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, गाडीचं वजन पुढून धरून ठेवतं आणि सकाळी निघायलाही सोपं. मागचे दोन जॅक टेकवले की झालं.

निघताना उलटा क्रम: आधी पट्टे आणि तिरपे टेकू, मग पायरीखालचा ठोकळा, मग चारही जॅक वर, पाचर काढायची, मग गाडी जोडायची, हिचची पिन आणि साखळ्या लावायच्या, आणि सगळ्यात शेवटी चाकांचे अडसर. पाचर विसरून गाडी हलवली तर टायर आणि पाट्यांचं नुकसान होतं, म्हणून मी दोन्ही पाचरींच्या रॉडला लाल ओढणीच्या लांब पट्ट्या बांधल्यात, आणि त्या काढल्या की गाडीच्या आरशाला अडकवतो. दोन पट्ट्या आरशावर नाहीत तोपर्यंत गाडी चालू करायची नाही, हे आता बायकोला आणि मुलालाही पाठ आहे. फळ्यांना चिकटलेली काळी माती तिथल्या तिथे खरवडून काढा, वाळली की दगड होते, आणि घरी आल्यावर फळ्या उन्हात उभ्या करून वाळवून मगच आत ठेवा.